आकडा बदला, संगणक पळवा?

विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘मेन्यूशोडिले’ नावाची एक नोंद असते आणि तिच्यापुढे ४०० हा आकडा असतो. मेन्यूवर माउस नेल्यावर आतला पोटमेन्यू उघडण्याआधी किती मिलिसेकंद थांबायचे, ते हा आकडा सांगतो. तो शून्य केला की पोटमेन्यू तत्क्षणी उघडतात. संगणकाचा वेग वाढवण्याच्या कुठल्याही यादीत ही युक्ती सापडतेच. करायला सोपी आणि परिणाम डोळ्यांना दिसणारा! मी ती पहिल्यांदा केली तेव्हा माझ्या जुन्या असेंबल्ड पीसीत कुणी नवा प्रोसेसर बसवून गेल्यासारखे वाटले होते. दोन दिवसांनी लक्षात आले, की मेन्यूतून तिरके खाली उतरताना वाटेतले नको ते पोटमेन्यू फटाफट उघडताहेत आणि हवा तो हातून निसटतोय. ते ४०० मिलिसेकंद कुणी आळसाने ठेवलेले नव्हते. माउस तिरका नेणाऱ्या माणसाला तेवढी सवड लागते, म्हणून ते होते.

रजिस्ट्रीतल्या आकड्यांना हात लावण्याचा हा उद्योग आता तीस वर्षांचा झाला. या काळात विंडोज बदलली, प्रोसेसर बदलले, फिरणाऱ्या हार्ड डिस्कची जागा एसएसडीने घेतली. युक्त्यांच्या याद्या मात्र एका पिढीकडून दुसरीकडे जशाच्या तशा चालत आल्या. त्यांतल्या कशाला अर्थ होता, कशाला अजून आहे आणि कशाला कधीच नव्हता, हे एकदा पाहायला हवे.

रजिस्ट्रीच्या आधी विंडोजचा संसार आयएनआय फायलींवर चालायचा. ‘विन डॉट आयएनआय’ आणि ‘सिस्टिम डॉट आयएनआय’ या दोन मुख्य, आणि शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमची आपली वेगळी. साध्या मजकुराच्या या फायली नोटपॅडमध्येही उघडत. पण त्यांना ६४ केबीची मर्यादा होती, एकाच मशीनवर दोन माणसांच्या वेगवेगळ्या आवडी ठेवायची धड सोय नव्हती आणि एक नोंद शोधायची तर मजकूर वरून खाली वाचत जावे लागे. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये रजिस्ट्री आली ती अगदी मर्यादित कामासाठी. पुढच्या वर्षी विंडोज एनटीने आणि २४ ऑगस्ट १९९५ला आलेल्या विंडोज ९५ने सगळे दप्तर तिच्या स्वाधीन केले. या दप्तराच्या फायलींना इंग्रजीत मधमाश्यांच्या पोळ्याचे नाव आहे. एनटीच्या चमूतल्या एका प्रोग्रॅमरला मधमाश्यांचा तिटकारा होता, म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्याने त्याला चिडवायला पोळे, पोळ्यातली घरे असे शब्द मुद्दाम पेरले. मायक्रोसॉफ्टमधलेच जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी सांगितलेला हा किस्सा आहे.

हे दप्तर बंद कपाटात ठेवले असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण त्याची किल्ली ‘रेगएडिट’ या नावाने विंडोजसोबतच मिळते. डावीकडे फोल्डरसारख्या किल्ल्यांची उतरंड, उजवीकडे नावे आणि त्यांच्यापुढचे आकडे. ‘सेव्ह’ नाही, ‘अनडू’ नाही. बदललेला आकडा त्याच क्षणी लिहिला जातो. ज्याला संगणक आतून पाहायची हौस आहे, त्याला हे दार उघडे दिसल्यावर राहवत नाही. मलाही राहवले नव्हते.

सुरुवातीच्या काळातल्या काही युक्त्या खऱ्या होत्या, हे आधी मान्य करायला हवे. विंडोज ९५ बाजारात आली त्याच्या नऊच दिवस आधी, १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या इंटरनेटवाल्यांना मोडेमची किरकिर आणि रजिस्ट्री हे दोन्ही एकदमच भेटले. विंडोज ९५ डायलअपवरही १५०० बाइटांची पाकिटे बनवायची. हे माप ऑफिसातल्या इथरनेट जाळ्याचे. टेलिफोनच्या तारेवर आणि पुढच्या वाटेवर ती पाकिटे अनेकदा फोडून पाठवावी लागत, आणि एक तुकडा हरवला तर सगळे पाकीट पुन्हा मागवावे लागे. रजिस्ट्रीत ‘मॅक्सएमटीयू’ ५७६ केले की अशा वाटेवर फरक पडायचा. विंडोज ९८ने ही निवड स्वतःकडे घेतली आणि डायलअपच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ असा पर्याय दिला. तिथे या युक्तीचे काम संपले. पण याद्यांमधून तिचे नाव काही गेले नाही. ब्रॉडबँड आले, फायबर आले, तरी ५७६चा सल्ला देणारे भेटत राहिले. फायबरवर हा आकडा टाकणे म्हणजे ट्रकभर माल सायकलवरून खेपा करून नेणे.

बहुतेक युक्त्यांचा जन्म असाच आहे. एका विशिष्ट मशीनवर, एका विशिष्ट वर्षी त्या बरोबर होत्या. नंतर मशीन भंगारात गेले आणि सल्ला तेवढा मागे उरला.

काही तर जन्मापासूनच पोकळ निघाल्या. त्यांतली माझी लाडकी ‘सेकंडलेव्हलडेटाकॅश’. नाव भारदस्त, जागा ‘मेमरी मॅनेजमेंट’ या किल्लीखाली आणि आकडा शून्य. पाहणाऱ्याला वाटणारच, की आपल्या प्रोसेसरवरची दुसऱ्या पातळीची कॅश विंडोजने बंद करून ठेवली आहे! मग यादी सांगते: प्रोसेसरची कॅश ५१२ केबी असेल तर इथे ५१२ टाका. खरी गोष्ट अशी, की शून्याचा अर्थ ‘बंद’ नाही. ‘प्रोसेसरलाच विचारून घे’ असा आहे. पेंटियम टूपासून पुढचे प्रोसेसर आपली कॅश किती ते स्वतः सांगतात. ही नोंद त्याआधीच्या, जुन्या घडणीच्या कॅशसाठी ठेवलेली. मायक्रोसॉफ्टने हे लेखी सांगितले, तरी दहा-पंधरा वर्षे लोक तो आकडा भरत राहिले. मीही भरला होता. गंमत पुढे आहे. रेगएडिटची ती छोटी खिडकी उघडते तेव्हा मुळात षोडशमान पद्धत निवडलेली असते. तिथे ५१२ लिहिले की मशीन ते १२९८ असे वाचते. मी ते न पाहताच ‘ओके’ म्हटले, पीसी रीस्टार्ट केला आणि मित्राला फोन करून सांगितले की जबरदस्त फरक आहे.

तो फरक कुठून आला होता? रीस्टार्टमधून. रजिस्ट्रीतले बहुतेक बदल लागू व्हायला मशीन बंद करून चालू करावे लागते. आठवडाभर चालू असलेल्या, वीस खिडक्या उघड्या असलेल्या, मेमरी गच्च भरलेल्या पीसीला रीस्टार्ट केले की तो पळणारच. रजिस्ट्रीला बोट लावा अगर लावू नका. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला. आमच्या ओळखीचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला गिऱ्हाइकाच्या घरी येऊन रेगएडिट उघडायचा, चार-पाच आकडे झरझर बदलायचा, रीस्टार्ट मारायचा आणि दीडशे रुपये घ्यायचा. गिऱ्हाईक खूश असायचे. त्याला लबाड म्हणवत नाही, कारण त्याचाही त्यावर विश्वास होता.

एक्सपीच्या काळात या विश्वासाला बहर आला. ती २००१ साली आली आणि आपल्याकडच्या घरांत, सायबर कॅफेंत, शाळांच्या संगणक खोल्यांत दहा-बारा वर्षे ठाण मांडून बसली. त्या काळी कानोकानी पसरलेली एक बातमी अशी, की एक्सपी इंटरनेटच्या वेगातला २० टक्के हिस्सा स्वतःसाठी राखून ठेवते. अमुक नोंद शून्य करा आणि आपला हक्काचा हिस्सा सोडवून घ्या. वीस टक्के! आधीच रडतखडत चालणाऱ्या कनेक्शनच्या मालकाच्या जिव्हारी लागणारा आकडा. प्रत्यक्षात ती राखीव जागा कुठल्या प्रोग्रॅमने रीतसर प्राधान्य मागितले तरच लागू होई, आणि मागणाऱ्याने ती वापरली नाही तर इतरांना खुली असे. घरातले कुठलेच सामान्य सॉफ्टवेअर असे प्राधान्य मागत नव्हते. मायक्रोसॉफ्टने तसा खुलासाही केला, पण आपल्या वाट्याचे कुणीतरी खाते आहे ही समजूत खुलाशाने जात नाही.

‘प्रीफेच’ फोल्डर रिकामा करा, हा सल्लाही तेव्हाचाच. प्रोग्रॅम सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची टिपणे विंडोज त्या फोल्डरात ठेवते आणि पुढच्या वेळी ती पाहून आधीच वाचन करते. एक्सपीत ही टिपणे १२८च्या वर गेली की जुनी आपोआप काढली जात. ती हाताने पुसणे म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या कचरा समजून काढून टाकणे. पुढच्या वेळी प्रत्येक डबा उघडून पाहावा लागतो.

आता या सगळ्यावर उभा राहिलेला धंदा, म्हणजे रजिस्ट्री क्लीनर. इथे जरा थांबायला हवे, कारण लोकांचा पैसा आणि भरवसा सर्वांत जास्त इथेच गेला.

क्लीनरवाल्यांचे म्हणणे सरळ होते. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत राहतात. त्या साचत जातात, रजिस्ट्री फुगते, म्हणून मशीन मंद होते. यातले पहिले वाक्य खरे आहे. नोंदी राहतात, हजारोंनी राहतात. पण फुगण्यातून मंद होण्यापर्यंतचा जिना मुळात नाही. विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. तिला पूर्ण पत्ता माहीत असतो आणि ती त्या पत्त्यावर पायरी-पायरीने थेट उतरते. प्रत्येक पायरीवरची नावे क्रमाने लावलेली असतात. गावच्या तलाठ्याकडे गट नंबर घेऊन गेलात, तर इतर शेकडो सातबाऱ्यांवर मयत खातेदारांची नावे राहिली आहेत म्हणून तुमचा उतारा निघायला वेळ लागत नाही. (इतर कारणांनी लागतो, तो भाग वेगळा.) शिवाय अशी एक अनाथ नोंद काहीशे बाइटांची. हजार नोंदी काढल्या तरी एक एमबी भरत नाही. आणि आजच्या विंडोजमध्ये ‘सॉफ्टवेअर’ नावाचे एकटे पोळे कित्येक एमबींचे असते. मार्क रसिनोविच यांनी २००५ सालीच हे स्पष्ट लिहिले होते, की हा कचरा विंडोजच्या स्वभावाचा भाग आहे आणि त्याने वेगात मोजता येण्याजोगा फरक पडत नाही. रजिस्ट्रीत कोण कधी काय वाचतो ते पकडणारे हत्यार ज्या दोघांनी बनवले, त्यांतले ते एक. ते हत्यार, आजचे ‘प्रोसेस मॉनिटर’, तुम्हीही चालवून पाहू शकता. नुसत्या बसलेल्या मशीनवरही रजिस्ट्रीच्या वाचनांच्या ओळी पडद्यावरून धो-धो वाहताना दिसतात. कूर्मगतीचे दप्तर असते तर हे जमले नसते.

मायक्रोसॉफ्टची भूमिकाही या बाबतीत सोवळी नाही. नव्वदच्या दशकात कंपनीने स्वतःच ‘रेगक्लीन’ नावाचे मोफत साधन वाटले आणि मग मागे घेतले. आज मात्र रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आमचा पाठिंबा नाही, असे तिचे अधिकृत धोरण आहे. त्यातून काही बिघडले तर निस्तरण्याची हमी ती देत नाही.

या क्षेत्रातल्या दोन नोंदी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. २०१७ साली सीक्लीनर या सर्वांत लोकप्रिय साफसफाईच्या साधनाच्या ५.३३ या आवृत्तीतच चोरट्यांनी आपला कोड घुसवला. बावीस लाखांहून अधिक मशीनवर तो अधिकृत वाटेने पोचला. दुसरी गोष्ट अमेरिकेची. ऑफिस डेपो या दुकान-साखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होती. सुरुवातीला गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारत: मशीन मंद झाले आहे का, मधेच बंद पडते का, असे. त्यांतल्या एकावर जरी खूण केली, तरी पुढचा सगळा ‘स्कॅन’ देखावा होता. निकाल त्या खुणेवरूनच ठरायचा. २०१९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण ३.५ कोटी डॉलरना मिटवले. लाल अक्षरांत ‘१४३२ चुका सापडल्या’ असे ओरडणाऱ्या प्रत्येक क्लीनरला लबाड म्हणता येणार नाही. पण तपासणी आणि औषध एकाच माणसाच्या हाती असले की रोग सापडतोच.

मग आजच्या, विंडोज ११च्या काळातल्या युक्त्यांचे काय? त्यांची भाषा आता खेळणाऱ्यांची आहे: एफपीएस, लेटन्सी, इनपुट लॅग. यादीत अग्रभागी ‘विन३२प्रायॉरिटीसेपरेशन’. समोर उघडलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेसरचा वेळ किती सलग द्यायचा, ते ही नोंद ठरवते. म्हणजे विषय खरा आहे. मुळातला आकडा २. सल्ला असा, की तो षोडशमानात २६ करा. आता हा आकडा दोन-दोन बिटांच्या तीन जोड्यांचा असतो. २६ची फोड केली तर निघते: वेळेचे तुकडे लहान, समोरच्या प्रोग्रॅमला वाढवून, आणि ती वाढ जास्तीत जास्त. आणि २ची? पहिल्या दोन जोड्या रिकाम्या, म्हणजे ‘या आवृत्तीची नेहमीची रीत’. घरगुती विंडोजची नेहमीची रीत काय? तुकडे लहान, समोरच्याला वाढवून. तिसरी जोडी तर दोन्हींत एकच. एकूण हिशेब तंतोतंत तोच. ‘रावसाहेब’ऐवजी पूर्ण नाव लिहिले, माणूस तोच.

‘नेटवर्कथ्रॉटलिंगइंडेक्स’ची कथा थोडी न्याय्य आहे. व्हिस्टात गाणे लावले की नेटवर्कचा वेग पडायचा, कारण आवाज तुटू नये म्हणून विंडोज मिलिसेकंदाला दहाच पाकिटे स्वीकारायची. दहा हजार पाकिटे सेकंदाला, म्हणजे साधारण १५ एमबी. गिगाबिट जाळ्यावर हा मोठाच तोटा होता आणि २००७ साली त्यावर गदारोळ झाला. पुढच्या सर्व्हिस पॅकने तो आकडा बदलण्याची सोय दिली. आजही घरातल्या दोन मशीनमध्ये मोठमोठ्या फायली फिरवणाऱ्याला तिचा उपयोग होऊ शकेल. १०० एमबीपीएसच्या आतले कनेक्शन असलेल्या, ऑनलाइन खेळणाऱ्या पोराला नाही. त्याच्या अडचणीचे कारण बहुतेकदा भिंतीपलीकडचा वायफाय राउटर असतो.

टास्क मॅनेजरमधली प्रोसेसची संख्या कमी करून दाखवणारीही एक युक्ती आहे. २०१७पासून, साडेतीन जीबी किंवा जास्त रॅम असेल तर विंडोज आपल्या सेवा वेगवेगळ्या खोल्यांत ठेवते. एक कोसळली तर शेजारची पडू नये म्हणून. रजिस्ट्रीतली ती सीमा वाढवली की त्या पुन्हा चाळीतल्या एकाच खोलीत येतात. संख्या घटते, थोडी मेमरी वाचते, वेग तेवढाच.

खरा वेग देणारे आकडे कोणते, असे मला कुणी विचारले तर उत्तर द्यायला जड जाते, कारण ते आहेत. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरच्या घडणीतलीच भगदाडे उघड झाली. त्यांवर विंडोजने लावलेल्या बंदोबस्ताने काही कामे मोजण्याइतकी मंदावली, विशेषतः जुन्या प्रोसेसरवर. ‘फीचरसेटिंग्जओव्हरराइड’ आणि तिच्याच नावाला ‘मास्क’ जोडलेली दुसरी, या दोन नोंदींत ३ टाकले की तो बंदोबस्त उठतो आणि गेलेला वेग परत मिळतो. तसेच विंडोज ११चे ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण. ते बंद केले तर काही खेळ जास्त सफाईने चालतात. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ साली खेळणाऱ्यांना ते कसे बंद करायचे ते सांगितले, आणि खेळून झाल्यावर पुन्हा चालू करा असेही सांगितले. म्हणजे आज रजिस्ट्रीतून जो वेग खरोखर मिळतो, तो बहुतांशी दाराची कडी काढून मिळतो. नेट नसलेल्या, फक्त खेळापुरत्या मशीनवर हा सौदा कुणाला परवडेल. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे मी तो करणार नाही.

मंद पीसीची कारणे मात्र कुणालाही ठाऊक असलेली, नीरस आहेत. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कला एखादा विखुरलेला तुकडा शोधायला सुमारे १५ मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाहून कमी. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात. हा फरक रजिस्ट्रीतल्या सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी भरून येत नाही. त्यानंतर अपुरी रॅम. त्यानंतर लॅपटॉपच्या पंख्यात अडकलेली धूळ, जिच्यामुळे तापलेला प्रोसेसर स्वतःच पाय ओढतो. आणि त्यानंतर सुरुवातीलाच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम. गंमत म्हणजे यांच्यातले बरेचसे रजिस्ट्रीतच ‘रन’ नावाच्या किल्लीखाली बसलेले असतात. सबंध रजिस्ट्रीत वेगासाठी हात लावण्याजोगी ही जागा, आणि तिथे जायला रेगएडिट लागतही नाही. विंडोज ८पासून टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावरून ते काम होते.

रजिस्ट्रीत हात घालूच नये असे माझे म्हणणे नाही. ‘एनेबलहेक्सनमपॅड’ ही नोंद १ केली की ऑल्ट दाबून, अंकपट्टीवरचे अधिक चिन्ह आणि ०९३३ टाइप केले की बहुतेक ठिकाणी ळ उमटतो. दुसऱ्याच्या मशीनवर मराठी कीबोर्ड नसताना मी तिच्यावर पानेच्या पाने निभावली आहेत. वेगाचा तिच्याशी संबंध नाही. सेकंदाला एक अक्षर, फार तर.

आणि हात घालायचाच, तर आधी प्रत ठेवावी हा सल्ला प्रत्येक यादीच्या डोक्यावर असतो. पूर्वी ही प्रत विंडोज आपणहून ठेवायची, ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरात. बिघडलेल्या कित्येक मशीन त्या फोल्डरातल्या फायली जागेवर ठेवून उठल्या आहेत. २०१८च्या एप्रिलमध्ये आलेल्या विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने डिस्कवरची जागा वाचवायला ही पद्धत बंद केली. फोल्डर अजून आहे. त्यात फायलीही दिसतात, नीट नावानिशी. प्रत्येकीचा आकार मात्र शून्य. त्या पुन्हा भरायला लावायच्या तर त्यासाठी रजिस्ट्रीतच ‘एनेबलपिरिऑडिकबॅकअप’ नावाची नोंद स्वतः तयार करून तिच्यात १ लिहावा लागतो आणि मशीन रीस्टार्ट करावे लागते. माझ्या पीसीवर केलेल्या डझनभर बदलांपैकी आज एवढाच शिल्लक आहे.